१ ते ३ वर्षं : टप्पे, तक्ते आणि घरातली रोजची कामं

गोधडी :
तान्ह्या बाळांवर इथे ढिगाने धागे आहेत, शाळाप्रवेशावर तर विचारूच नका. मधली दोन वर्षं मात्र ओस पडली आहेत, म्हणून हा धागा. मूल वर्षाचं झाल्यापासून तीन वर्षांचं होईपर्यंत तक्त्यातले टप्पे कसे वाचायचे आणि ते घरात नक्की कुठे दिसतात, एवढाच विषय. कौतुकं दुसऱ्या धाग्यावर. इथे माहिती टाका.

सुरुवात तक्त्यांपासून, कारण निम्म्या काळज्या तिथेच जन्माला येतात. दोन तक्ते सगळीकडे फिरतात आणि दोघांचा हिशोब वेगळा आहे.

पहिला जागतिक आरोग्य संघटनेचा, २००६ सालचा. भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या ५ देशांतल्या निरोगी मुलांचं निरीक्षण करून बसणं, रांगणं, उभं राहणं, चालणं अशा ६ हालचालींचा कालावधी त्यात दिला आहे. एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने. आधाराशिवाय उभं राहणं ६.९ ते १६.९ महिने. हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिने, आणि साधारण ४ टक्के मुलं तसं रांगलीच नाहीत. म्हणजे ११ महिन्यांना चालणारं आणि १६ महिन्यांना चालणारं, दोन्ही मुलं वेळेतच आहेत.

दुसरा अमेरिकेच्या सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेचा. तो २०२२ मध्ये बदलला. आधी निम्म्या मुलांना जे जमतं ते त्या वयापुढे लिहिलेलं असायचं. आता निदान ७५ टक्के मुलांना जे जमतं तेच लिहिलंय, १५ आणि ३० महिन्यांचे रकाने वाढवलेत आणि रांगणं काढून टाकलंय. त्यामुळे नव्या तक्त्यातली एखादी गोष्ट दिसत नसेल तर 'बघू अजून' म्हणून सोडायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. विचारलं म्हणजे आजार ठरला असं मात्र नाही.

फॉरवर्ड होऊन येणाऱ्या चित्रांत जुन्या-नव्या आकड्यांची खिचडी असते. त्यावर साल लिहिलेलं नसेल तर सरळ डिलीट करा.

आणखी एक, फार विसरलं जाणारं : वेळेआधी जन्मलेल्या मुलाचं वय २ वर्षांपर्यंत दुरुस्त करून धरायचं. ८ आठवडे आधी जन्मलेलं मूल १८ महिन्यांचं झालं की टप्प्यांसाठी ते १६ महिन्यांचं. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

शंकासुर :
छान धागा. पहिला प्रश्न माझाच. १९ महिने, ३-४ शब्द, पण समजतं सगळं. घरात दोन मतं आहेत, 'थांबू या' आणि 'लगेच दाखवू या'. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बोलपाटी :
शंकासुर, आधी शब्द नीट मोजू या. बहुतेक घरांत ते कमी मोजले जातात. उच्चार बरोबर हवा अशी अट नाही. दरवेळी त्याच गोष्टीसाठी, स्वतःहून आणि काहीतरी सांगायला काढलेला आवाज म्हणजे शब्द. पाण्याला 'मम', बाहेर जायला 'भुर्र', कुत्र्याला 'भूभू', गाडीला 'पीं पीं', लागलं की 'बाऊ', हे सगळे धरायचे. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले मिळून. तुमच्यामागून पोपटासारखा म्हटलेला शब्द मात्र धरायचा नाही. फ्रीजवर कागद लावा, आठवडाभर घरातल्या प्रत्येकाने ऐकलेला शब्द लिहावा. सीडीसीच्या तक्त्यात १८ महिन्यांना आई-बाबा सोडून किमान ३ शब्दांचा प्रयत्न, २४ महिन्यांना दोन शब्द जोडणं ('अजून दे', 'बाबा गेला') आणि ३० महिन्यांना साधारण ५० शब्द असं आहे.

आता 'समजतं सगळं' याची परीक्षा घेऊ. दारात उभं राहून, हातात किल्ली घेऊन 'बूट आण' म्हटलं तर मूल बूट आणेलच. त्याने शब्द ऐकला नसेल, प्रसंग वाचला असेल. तीच गोष्ट अवेळी विचारा. मूल पलंगावर खेळतंय, बाहेर जायची काही चिन्हं नाहीत, तुमचे हात मांडीवर आणि नजर त्याच्याकडेच. मग विचारा, 'बूट कुठे आहे?' त्याने बुटाकडे पाहिलं, बोट केलं किंवा तिकडे निघालं तर शब्द कळला. अशा ५-६ वस्तू आणि २-३ सोप्या सूचना वेगवेगळ्या दिवशी करून बघा. हातवारे न करता दिलेली एक सूचना १८ महिन्यांना पाळता यायला हवी, 'खेळणं ठेव आणि दार लाव' अशी जोडसूचना ३० महिन्यांना.

तिसरं बोट. बोट दोन कारणांनी केलं जातं. 'मला ते दे' हे एक. 'ते बघ, विमान!' हे दुसरं, आणि जास्त मोलाचं. दुसऱ्या प्रकारात मूल वस्तूकडे बघतं, वळून तुमच्या तोंडाकडे बघतं, पुन्हा वस्तूकडे. १८ महिन्यांना हे दिसायला हवं. शब्द कमी, पण समज चांगली, बोट करतंय, ओढून नेतंय, मान हलवून नको म्हणतंय, बाहुलीला खोटंखोटं भरवतंय, तर चित्र पुष्कळ आश्वासक आहे. शब्द कमी आणि हेही नाही, तर एक दिवससुद्धा थांबायचं कारण नाही.

चौथं कान. कानाची तपासणी टाळू नये. जन्मानंतरची चाचणी पास झाली म्हणजे कायमचं सर्टिफिकेट मिळालं असं नाही. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं. टाळी वाजवल्यावर वळतं हा पुरावा नव्हे. टाळी मोठी असते, शिवाय सावली हलते, हवा हलते. 'स', 'श' अशा बारीक आवाजांचं काय होतंय ते टाळीने कळत नाही. टिंपॅनोमेट्री (पडदा नीट हलतो का ते बघणारी) आणि ओएई (आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का ते बघणारी) या काही मिनिटांच्या, न दुखणाऱ्या तपासण्या आहेत. गरज वाटली तर झोपेत बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी, करतात.

समंजस_काका :
एवढं घाबरवू नका हो लोकांना. मुलगे उशिरानेच बोलतात. दोन भाषांच्या घरात तर अजून उशीर. तीनपर्यंत बिनधास्त थांबावं.

बोलपाटी :
काका, मुलगे-मुलींतला सरासरी फरक महिना-दोन महिन्यांचा आहे. दीड वर्षाची सूट त्यातून निघत नाही. दोन भाषांनी भाषाविकार होत नाही, एकेका भाषेतले शब्द थोडे कमी दिसू शकतात, म्हणून तर एकत्र मोजायचे. घरची भाषा बंद करून एकच ठेवा, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ज्या भाषेत मोठ्यांना मोकळेपणाने बोलता येतं त्यातच मुलाशी भरपूर बोललं जातं.

उशिरा बोलणाऱ्यांपैकी बरीच मुलं आपोआप सावरतात, हे तुमचं खरं आहे. अडचण एवढीच की कोणतं सावरेल हे आधी ओळखता येत नाही. तपासणी करून सगळं ठीक निघालं तर एक फेरी वाया गेली. थांबलो आणि ठीक नव्हतं तर वर्ष वाया गेलं.

चिमखडा :
+१. वर्ष वाया जाण्याबद्दल तर विशेष.
घरी काय करायचं तेही सांगा ना. 'जास्त बोला त्याच्याशी' एवढंच सगळीकडे लिहिलेलं असतं.

बोलपाटी :
जास्त बोलण्यापेक्षा थांबणं अवघड असतं, आणि उपयोग त्याचाच जास्त होतो. करायचं असं : मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर या, म्हणजे जमिनीवर बसा. दोन्ही हातांत दोन वस्तू त्याच्या तोंडासमोर धरा. 'चेंडू? की पुस्तक?' एवढंच म्हणा आणि गप्प व्हा. मनात दहापर्यंत मोजा. मोठ्या माणसाला तिसऱ्या सेकंदालाच राहवत नाही, पुन्हा विचारतो, नाहीतर देऊन टाकतो. लहान मुलाला ऐकलेलं उलगडून, ठरवून, तोंड जुळवायला वेळ लागतो. सातव्या-आठव्या सेकंदाला नजर एका वस्तूवर ठरते, हात पुढे येतो, कधी 'बॉ' असा आवाज येतो. तेवढं पुरे. 'चेंडू! घे चेंडू.' म्हणून लगेच द्या. 'नीट म्हण, मगच देईन' असं करू नका. त्यात शब्द येत नाही, रडणं येतं.

मूल जेवढे शब्द बोलतं त्यापेक्षा एकच जास्त बोलून परत द्यायचं. ते 'गाडी' म्हणालं की 'लाल गाडी' किंवा 'गाडी गेली'. आणि दिवसभराची तोंडी परीक्षा बंद : 'हे काय? रंग कोणता? गाय कशी करते?' प्रश्नाऐवजी जे चाललंय ते सांगा. अंघोळ घालताना 'पाय भिजला. दुसरा पाय. साबण निसटला!' रोज तेच शब्द, त्याच क्रमाने, त्याच वस्तूसोबत येतात म्हणून अंघोळ, कपडे आणि जेवण या तीन वेळा शिकायला सगळ्यात चांगल्या. त्यापुढे फ्लॅशकार्ड फिकी.

उच्चारांबद्दल दोन ओळी. काकाचा 'ताता', राजाचा 'लाजा' हे या वयाला चालतं. 'र', 'ळ', 'श' सावकाश येतात. चुकीचा उच्चार लाडाने परत म्हणू नका आणि दुरुस्तीही करू नका, फक्त 'हो, काका आले' म्हणा. दोन-अडीचनंतर काही मुलं 'मी मी मी मला' असं अडखळतात. 'सावकाश बोल' न म्हणता ऐकून घ्या. सहा महिन्यांच्या वर टिकलं किंवा बोलताना चेहरा-मान ताठायला लागली तर वाचातज्ज्ञांकडे न्या.

गोधडी :
यात स्क्रीनचं जोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार १ वर्षाच्या मुलाला स्क्रीन नाहीच, २ वर्षांनंतर दिवसाला जास्तीत जास्त १ तास, आणि कमी तेवढं बरं. मोजताना जेवणापुढचा मोबाइल सगळे धरतात. पण कुणी बघत नसताना चालू असलेला टीव्हीसुद्धा नडतो, कारण तो चालू असताना मोठी माणसं मुलाशी कमी बोलतात. लांबच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल यात धरत नाहीत. समोरचं माणूस त्याला उत्तर देतं, तिथे फरक पडतो.

पाऊलखूण :
हालचालींवर मी लिहिते.

नुकतं चालायला लागलेलं मूल पाय फाकवून, हात खांद्यापर्यंत वर धरून, पावलं आपटत चालतं. दोन-तीन महिन्यांत हात खाली येतात, पाय जवळ येतात. ही प्रगती दिसत असेल तर रोज पडतंय याची चिंता नको. १८ महिन्यांना आधाराशिवाय चालत नसेल तर दाखवायचंच. डॉक्टर खुब्याचे सांधे, स्नायूंची ताकद बघतात. मुलगा असेल तर सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) ही रक्ताची तपासणी सांगू शकतात, कारण स्नायूंच्या एका आनुवंशिक आजाराची पहिली खूण कधी कधी उशिरा चालणं हीच असते. बहुतेकांची ती नॉर्मल येते.

वॉकर घेऊ नका. आधीच कुणी दिला असेल तर माळ्यावर टाका. त्याने मूल लवकर चालत नाही. तोल सांभाळायचं कामच वॉकर करतो, मूल चवड्यांवर ढकलत फिरतं आणि जिन्यावरून, गरम भांड्यावर आदळतं. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. मागून ढकलायची गाडी चालते, पण तळ जड हवा. हलकी गाडी पुढे पळते आणि मूल तोंडावर येतं. दोन पुस्तकं ठेवून वजन वाढवता येतं.

घरात अनवाणी. बाहेरचा बूट चवड्याशी हाताने सहज वाकला पाहिजे, पुढे साधारण १ सेंमी जागा. दर २-३ महिन्यांनी उभं करून माप बघा, बसल्यावर पाऊल आखूड वाटतं. सपाट तळवा या वयात नेहमीचाच. २ वर्षांपर्यंत धनुष्यासारखे पाय, ३-४ वर्षांना उलट गुडघे चिकटलेले, ७ पर्यंत सरळ, हा नेहमीचा प्रवास. एकाच पायाला बाक असेल, वाढत चालला असेल किंवा उंचीही मागे असेल तर दाखवा. चवड्यांवर चालणं दोनच्या आत अधूनमधून चालतं. दोननंतरही सतत असेल किंवा हाताने टाच टेकवायला गेलं तरी पोटरी ताठ लागत असेल तर थांबू नका.

आणि हे लोकांना कौतुकाचं वाटतं म्हणून मुद्दाम : दीड वर्षाच्या आत मूल एकच हात वापरत असेल तर 'डावखुरं दिसतंय' म्हणून हसू नका. दुसरा हात कमी का वापरतंय ते तपासा.

पुढचे ढोबळ टप्पे : १८ महिन्यांना सोफ्यावर चढ-उतर, २४ ला धावणं, चेंडूला लाथ, धरून किंवा न धरता काही पायऱ्या चढणं (एका पायरीवर दोन्ही पाय), ३० ला दोन्ही पाय उचलून उडी. सोफ्यावर चढता येतं त्याच आठवड्यात कपाटावरही चढता येतं, तेव्हा कपाटं आणि टीव्ही भिंतीला पट्टीने किंवा स्क्रूने जखडा. ओढलेला प्रत्येक खण मुलासाठी पायरी असतो.

चिमखडा :
स्वतःचं स्वतः करण्याचं काय? सकाळच्या घाईत सगळं आपणच उरकतो, मग तक्त्यात 'कपडे काढतो का' यावर खूण काय करणार!

पाऊलखूण :
बरोबर दुखण्यावर बोट ठेवलंत. पुष्कळ टप्पे जमत नाहीत म्हणून नव्हे, संधी मिळत नाही म्हणून मागे राहतात. सगळं शिकवायला वेळ नसतोच. एका वेळी एकच कपडा निवडा, आणि शेवटून सुरू करा.

पायमोजा घ्या. सैल, आखूड, जाड विणीचा, टाचेचा रंग वेगळा असेल तर उत्तमच. मुलाला भिंतीला किंवा तुमच्या पोटाला टेकवून जमिनीवर बसवा. पाठीला आधार नसेल तर दोन्ही हात तोल सांभाळण्यात जातात. पहिले काही दिवस मोजा तुम्ही टाचेवरून घोट्यापर्यंत आणायचा आणि शेवटचं वर ओढणं तेवढं मुलाचं. दोन्ही अंगठे आत, बोटं बाहेर, असा हात त्याला धरून द्या. ते जमलं की टाचेखाली थांबायचं, टाच चढवणं त्याचं. मग अर्ध्या पावलावर. मोज्याचं तोंड फाकवून बोटं आत घालणं सगळ्यात अवघड, ते सगळ्यात शेवटी. शेवटून शिकवल्याने दरवेळी काम मुलाच्या हातून संपतं, म्हणून ते पुन्हा करायला तयार होतं. पुढून सुरू केलं की पहिल्याच पायरीला अडतं आणि मोजा फेकला जातो.

काढणं घालण्याआधी येतं. ३० महिन्यांना काही कपडे स्वतः काढणं, ३ वर्षांना काही स्वतः घालणं अपेक्षित आहे. बटणं, चेन, बंद यांची अपेक्षा आत्ता नको.

घास_मोजणारी :
जेवणाबद्दल. पहिल्या वर्षात वजन जवळजवळ तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र फक्त दोन-अडीच किलोच्या आसपास वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावणार. 'आधी छान खायचं, आता काही खात नाही' याचं नव्वद टक्के उत्तर इथे आहे (टक्केवारी माझी, हलकेच घ्या). वाढीच्या आलेखावरची रेघ आपल्या वाटेने चालली असेल तर ताटातल्या घासांचा हिशोब सोडा.

मागे लागून भरवणं, खेळवत भरवणं बंद. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. दोन खाण्यांत अडीच-तीन तास, मध्ये फक्त पाणी. २० ते ३० मिनिटांत ताट उचलायचं, टोमणा न मारता. नवा पदार्थ चमचाभर, ओळखीच्या पदार्थाशेजारी. आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर मूल तो तोंडात घालतं. बहुतेक घरं तिसऱ्या वेळी 'आवडत नाही' असा शिक्का मारतात.

दूध दिवसाला ४०० ते ५०० मिली पुरे. लिटरभर दूध पिणाऱ्या मुलाचं पोट भरतं आणि रक्तातलं लोह कमी होतं. मग अजून भूक नाही, चिडचिड, माती-खडू खाणं. बाटली वर्षानंतर कमी करत दीड वर्षापर्यंत बंद. उघड्या पेल्यात तळाशी दोन-तीन घोटच ओता, सांडलं तरी तेवढंच सांडेल.

चमचा आखूड, जाड मुठीचा. चमच्याला चिकटून राहील असाच पदार्थ सुरुवातीला, पातळ नाही. मनगट वळवायला येत नाही तोवर चमचा तोंडाशी पोचता पोचता उलटा होणारच. वाटी जड, उभ्या काठाची, खाली ओलं फडकं म्हणजे सरकत नाही. दोनपर्यंत बऱ्यापैकी जमतं.

घशात अडकणाऱ्या गोष्टी : द्राक्ष उभं चार भागांत कापून, अख्खे दाणे आणि कडक गोळ्या चार-पाच वर्षांपर्यंत नाहीतच. खाताना बसूनच, पळत नाही, हसवायचं नाही.

शंकासुर :
कानाची वेळ घेतली आहे, आभार. आता घरचा दुसरा विषय : आकांडतांडव. जमिनीवर लोळणं, डोकं आपटणं. लक्ष द्यावं की न द्यावं?

गोधडी :
दीड ते तीन हा त्याचा ऐन मोसम. हवं काय ते कळतं, सांगता येत नाही, आणि स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग अजून कच्चा आहे. बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरतं. त्या मिनिटांत शिकवायला जाऊ नका, तेव्हा काही आत शिरत नाही. धोक्याच्या वस्तू हलवा, डोक्याखाली उशी सरकवा, जवळ बसा, एकच वाक्य : 'तुला अजून खेळायचं होतं. राग आला.' ज्यासाठी चाललंय ती गोष्ट देऊ नका. कधी दिली, कधी नाही असं झालं की पुढची खेप लांबते. घरात आई नाही म्हणते आणि आजोबा देतात, याचा परिणामही तोच. नियम थोडे ठेवा, पण सगळ्यांचे एकच.

खरं काम आधीचं. बहुतेक तांडव भूक, झोप आणि एक काम सोडून दुसरं धरणं या तीन ठिकाणी होतात. 'पाच मिनिटांनी निघायचं' याचा अर्थ दोन वर्षांच्या मुलाला लागत नाही. 'अजून तीनदा घसरगुंडी, मग बूट' हे लागतं. 'अंघोळ करायची का?' असं विचारू नका, नाही म्हणालं तर काय करणार? 'बादलीत बदक टाकू की तांब्या?' असं विचारा.

रडता रडता श्वास अडकून निळं पडणं बघायला भयंकर असतं, पण सहसा मूल मिनिटाच्या आत आपोआप श्वास घेतं. कुशीवर झोपवा. तोंडात बोट घालू नका, गदागदा हलवू नका. पहिल्याच वेळी डॉक्टरांना सांगा आणि लोह तपासून घ्या, कमी असेल तर भरून काढल्यावर हे प्रकार घटतात.

समंजस_काका :
शू-शीचं कुणी लिहा. आमच्या पिढीत वर्षातच सुटायचं सगळं.

पाऊलखूण :
काका, त्यात मोठी माणसं वेळ साधायची. मुलाला स्वतःला कळून सांगणं, थांबवणं नंतरच येतं. :) दिवसाचं नियंत्रण बहुतेकांना २ ते ४ च्या दरम्यान जमतं, रात्रीचं ५ पर्यंतही लांबू शकतं आणि ते शिकवून येत नाही.

तयारीच्या खुणा : दोन तास कोरडं राहणं, शी येताना कोपऱ्यात जाणं किंवा थबकणं, ओलं झाल्याचं सांगणं, चड्डी खाली ओढता येणं, एक सूचना पाळणं. नवं भावंड, घरबदल किंवा आजारपण चालू असेल तर महिना-दोन महिने पुढे ढकला. भांडं पाय जमिनीला टेकतील एवढं बुटकं हवं. मोठ्या कमोडवर बसवत असाल तर आतली छोटी सीट आणि पायाखाली पाट. पाय लोंबकळत असले की पोटाला जोर लावता येत नाही, शी अर्धवट होते. जेवणानंतर १५-२० मिनिटांनी बसवा, ३ ते ५ मिनिटं, तेवढंच. उठता-बसता दर अर्ध्या तासाला विचारलं की मूल ठाम नकार द्यायला लागतं.

घोटाळा बहुतेक वेळा बद्धकोष्ठाने होतो. एकदा शी दुखली की मूल पाय आवळून, चवड्यांवर उभं राहून ती दाबतं. बघणाऱ्याला वाटतं जोर करतंय, ते थांबवत असतं. आत ती अजून कडक होते. पातळ शी चड्डीला लागत राहिली तर ते जुलाब नसून अडलेल्या शीच्या कडेने झिरपणं असू शकतं. अशा वेळी भांडं बाजूला ठेवून लंगोटावर परत या आणि आधी डॉक्टरांकडून पोट मऊ ठेवण्याचं औषध घ्या. ते अनेकदा काही महिने चालतं, चार दिवसांत बंद केलं की पहिले पाढे पंचावन्न.

चिमखडा :
वाचनखूण साठवली आहे. झोपेचं राहिलं.

गोधडी :
थोडक्यात : १ ते २ वर्षांना दुपारची धरून ११ ते १४ तास, ३ वर्षांना १० ते १३. दुपारच्या दोन झोपांची एक होणं साधारण १५ ते १८ महिन्यांत. त्या तीन-चार आठवड्यांत संध्याकाळी चिडचिड होणारच, तेवढ्यापुरती रात्रीची झोप अर्धा तास अलीकडे घ्या. मोठ्याने घोरणं किंवा झोपेत श्वास अडकणं असेल तर ते 'गाढ झोपलंय' नव्हे, नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवा.

शंकासुर :
शेवटचं. डॉक्टरांसमोर मूल एक शब्द काढत नाही, कडेवरून उतरत नाही. तिथे काय दाखवायचं?

बोलपाटी :
व्हिडिओ. दोन-दोन मिनिटांचे तीन पुरतात : एकटं खेळताना, कुणाबरोबर खेळताना, जेवताना. मूल आणि समोरचं माणूस दोघांचे चेहरे दिसतील असा मोबाइल बाजूला टेकवून ठेवा. हातात धरून 'म्हण ना, म्हण ना' करत काढलेल्या व्हिडिओत काहीच कळत नाही. फ्रीजवरचा शब्दांचा कागद, जन्माच्या वेळचे आठवडे आणि वजन, डोकं-वजन-उंचीच्या नोंदींचं कार्ड बरोबर घ्या. घरात कुणी उशिरा बोललं असेल, ऐकू कमी येत असेल तर तेही सांगा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची, स्वमग्नतेच्या (ऑटिझम) खुणा चाळून बघणारी २० प्रश्नांची हो-नाही यादी असते, ती भरायला मागून घ्या. तिच्यात जास्त गुण आले म्हणजे स्वमग्नता ठरली असं नाही, पुढचे प्रश्न विचारायचे एवढाच अर्थ.

आणि येत असलेले शब्द, बोट करणं, नजर देणं यांपैकी काही नाहीसं झालं असेल तर पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट बघू नका. वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवा. फोनवर वेळ घेतानाच 'आधी येत होतं, आता येत नाही' असं स्पष्ट सांगा, म्हणजे लवकरची वेळ देतील.